हिशेब फक्त खेळाडूचाच का?

अमरावतीचा जितेश शर्मा भारताच्या संघातील यष्टिरक्षकाच्या जागेला पुरेसा लायक आहे की नाही, या प्रश्नाने २०२५ च्या अखेरीस वऱ्हाडातील क्रिकेटप्रेमी तरुणांना चांगलेच पछाडले होते. अमरावती आणि अकोला या दोन शहरांत चहाच्या टपरीवर, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर आणि एस. टी. च्या थांब्यावर या प्रश्नाचा कीस पाडला गेला. विषय वरवर पाहता क्षुल्लक आहे. ज्या भागात कापसाचा उत्पादनखर्च निघत नाही आणि पदवीधर मुले स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत वर्षानुवर्षे बसून राहतात, तेथे एका खेळाडूच्या निवडीवर एवढी शक्ती का खर्च व्हावी, असा आक्षेप एखादा तळमळीचा कार्यकर्ता घेईल. परंतु जनसामान्य ज्या विषयावर मनापासून वाद घालतात, तो विषय क्षुल्लक मानून बाजूला सारणे ही विचारांची आळशी रीत आहे. त्या वादात कोणता प्रश्न विचारला जातो आणि कोणता विचारला जात नाही, याचा शोध घेतला तर समाजाच्या एकूण व्यवस्थेवर बराच प्रकाश पडू शकतो.

वादाचे दोन पक्ष

प्रथम वादाचे स्वरूप पाहू. जितेशच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुख्य पुरावा २७ मे २०२५ चा आहे. त्या दिवशी लखनौ येथे रॉयल चॅलेंजर्स बंगळुरू संघापुढे २२८ धावांचे लक्ष्य होते. संघाचे नेतृत्वही त्या सामन्यात जितेशकडेच होते आणि त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून सामना जिंकून दिला. ३ जूनच्या अंतिम सामन्यात त्याच्या १० चेंडूंतील २४ धावाही मोलाच्या ठरल्या. बंगळुरूचा विजय केवळ ६ धावांचा होता. दडपणाखाली अखेरच्या षटकांत धावा काढणारा फलंदाज दुर्मीळ असतो आणि तो यष्टिरक्षकही असेल तर संघाला दुहेरी लाभ होतो, हा या पक्षाचा युक्तिवाद.

विरुद्ध पक्षाचा पुरावाही दुबळा नाही. २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत भारताकडून पदार्पण केल्यानंतर आणि जानेवारी २०२४ मध्ये अफगाणिस्तानविरुद्ध संधी मिळाल्यानंतर त्याला जागा पक्की करता आली नाही. पुढची संधी नोव्हेंबर २०२५ मध्ये होबार्ट येथे मिळाली. त्याच महिन्यात दोहा येथे, त्याच्याच नेतृत्वाखाली खेळणारा भारत 'अ' संघ बांगलादेश 'अ' विरुद्धच्या उपांत्य सामन्यात सुपर ओव्हरमध्ये एकही धाव न करता हरला. पहिल्याच चेंडूवर बाद झाला तो जितेशच, आणि वैभव सूर्यवंशीसारखा तडाखेबाज फलंदाज मागेच बसून राहिला. मग २० डिसेंबर २०२५ रोजी विश्वचषकाचा संघ जाहीर झाला, त्यात जितेशचे नाव नव्हते. एका पक्षाने म्हटले, 'विदर्भावर पुन्हा अन्याय झाला.' दुसऱ्याने म्हटले, 'नाचता येईना, अंगण वाकडे.'

या वादाचे काही गुण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजेत. यात भाग घेणारा तरुण पुराव्याशिवाय बोलत नाही. बोललाच तर समोरचा त्याला तेथेच अडवतो. किती चेंडूंत किती धावा, कोणत्या गोलंदाजीपुढे, कोणत्या खेळपट्टीवर, याचे दाखले द्यावे लागतात. जात, वय, शिक्षण यांचा मान तेथे चालत नाही; गॅरेजमधला पोऱ्या प्राध्यापकाला खोडून काढतो आणि प्राध्यापकाला ते ऐकून घ्यावे लागते. सार्वजनिक जीवनातील फारच थोड्या व्यासपीठांवर एवढी लोकशाही उरली आहे. शिवाय खेळ हा वऱ्हाडला नवा नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. त्याच मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. शरीरसंवर्धन हे लोकशिक्षणाचे अंग आहे, हा विचार या भूमीत शतकभर रुजलेला आहे. तेव्हा दोष वाद घालण्यात नाही. ज्या प्रश्नाभोवती तो वाद फिरतो, तो प्रश्न अपुरा आहे.

एकच जागा

क्रिकेटच्या संघात फलंदाज सहा-सात असतात, गोलंदाज चार-पाच असतात; यष्टिरक्षक मात्र एकच असतो. म्हणून त्याच्या लायकीचा प्रश्न इतरांपेक्षा अधिक तीव्रतेने विचारला जातो. परंतु या एका जागेवर कोण बसणार, हे केवळ बसणाऱ्याच्या गुणांवर ठरत नाही, ही गोष्ट २०२५ च्या घटनाक्रमाने फार स्पष्टपणे दाखवून दिली.

केरळच्या संजू सॅमसनने २०२४ मध्ये सलामीला खेळून भारतासाठी वीस षटकांच्या सामन्यांत तीन शतके केली. सप्टेंबर २०२५ मध्ये शुभमन गिलला उपकर्णधार म्हणून सलामीला आणले गेले. सॅमसनला मधल्या फळीत ढकलले गेले. तेथे तो जमत नाही असे दिसल्यावर, खालच्या क्रमांकावर खेळणारा यष्टिरक्षक हवा म्हणून जितेशला घेतले गेले. डिसेंबरमध्ये गिलला वगळण्यात आले; सलामीची जागा मोकळी झाली, सॅमसन परत वर गेला आणि दुसरा यष्टिरक्षकही सलामीला खेळू शकणारा असावा या हिशेबाने ईशान किशनला निवडले गेले. जितेशची जागा गेली. या साऱ्या कालखंडात त्याच्या खेळात असे काय घडले होते की ज्यामुळे तो नोव्हेंबरमध्ये लायक आणि डिसेंबरमध्ये नालायक ठरावा? जागा निर्माण झाली ती दुसऱ्याच्या येण्याने. नाहीशी झाली ती त्याच दुसऱ्याच्या जाण्याने. कारखान्यात यंत्रे बदलली की एका खात्यातला कुशल कामगार जसा अचानक 'अतिरिक्त' ठरतो, तसाच हा प्रकार होय. त्या कामगाराचे कौशल्य रातोरात कमी झालेले नसते. त्या कौशल्याची मागणी दुसऱ्या कोणाच्या निर्णयाने संपलेली असते.

'विदर्भावर अन्याय' म्हणणाऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. २०२५-२६ च्या हंगामापूर्वी जितेश विदर्भ सोडून बडोद्याच्या संघात गेला. विदर्भाचा कर्णधार अक्षय वाडकर हा स्वतःच यष्टिरक्षक; म्हणजे येथेही जागा एकच होती आणि ती भरलेली होती. दुसऱ्या बाजूने पाहिले तर विदर्भाच्या २०१८ च्या विजयी संघात मुंबईचा वसीम जाफर होता आणि मार्च २०२५ च्या रणजी अंतिम सामन्यात विदर्भासाठी शतक झळकावणारा करुण नायर कर्नाटकचा होता. ज्या दाराने बाहेरचे गुणी खेळाडू आत आले, त्याच दाराने अमरावतीचा मुलगा बाहेर गेला. श्रमशक्ती काम मिळेल तेथे जाते. त्यात प्रांताभिमानाला फारसे स्थान नसते. आणि तिकडे तिरुवनंतपुरमचे चाहतेही सॅमसनवर वर्षानुवर्षे अन्याय झाला म्हणून तितक्याच पोटतिडकीने बोलत होते. दोन दूरच्या भागांतील चाहते एका जागेसाठी एकमेकांच्या मुलाची निंदा करतात, तेव्हा त्या जागेचे नियम ठरवणारे निवांत असतात. दोन बेकार एका नोकरीसाठी भांडताना मालकाला जी निश्चिंती लाभते, तीच ही निश्चिंती.

भाव आणि मोल

वादात वारंवार येणारा आणखी एक मुद्दा म्हणजे ११ कोटींचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथे झालेल्या लिलावात बंगळुरूने जितेशला ११ कोटी रुपयांना घेतले. 'अकरा कोटी घेतो, मग शून्यावर बाद कसा होतो?' हा चाहत्यांचा संतापाचा प्रश्न त्यातून जन्मतो. येथे भाव आणि मोल यांची गल्लत झाली आहे.

आकडे पाहावेत. २०२२ ते २०२४ या तीन हंगामांत जितेश पंजाब किंग्जकडून २० लाख रुपयांवर खेळला. त्याच्या धावा अनुक्रमे २३४, ३०९ आणि १८७ झाल्या. तिसरा हंगाम तिन्हींत सर्वांत लंगडा. आणि त्या लंगड्या हंगामानंतर लगेच त्याचा भाव ५५ पट झाला. भाव गुणवत्तेचे मोजमाप असता तर हे घडले नसते. त्या लिलावात १० संघ होते, प्रत्येकाजवळ खर्च करण्यासाठी १२० कोटींची मर्यादा होती आणि यष्टिरक्षण करून अखेरच्या षटकांत फटकेबाजी करणारे भारतीय खेळाडू मोजकेच होते. दुर्मीळ माल, अनेक ग्राहक आणि ठरलेल्या मुदतीत खर्च करण्याची सक्ती. यातून जो आकडा बाहेर पडतो त्याला बाजारभाव म्हणतात. २० लाखांत खेळताना त्याचे मोल जितके कमी लेखले गेले, तितकेच ११ कोटींच्या वेळी ते फुगवले गेले असणे शक्य आहे. दोन्ही वेळा खेळणारा माणूस एकच होता.

आता याच खेळाचा दुसरा मजला पाहा. २०२१ मध्ये मंडळाने ठरवलेल्या दरांप्रमाणे २० पेक्षा अधिक सामने न खेळलेल्या रणजी खेळाडूला दिवसाला ४०,००० रुपये मिळतात. चार दिवसांचे सात साखळी सामने धरले तर हंगामाचे ११ लाख २० हजार होतात. म्हणजे ११ कोटी रुपये कमावण्यासाठी अशा खेळाडूला सुमारे ९८ हंगाम खेळावे लागतील. आणि हाही भाग्यवानच. कारण जिल्ह्याच्या संघात वर्षानुवर्षे खेळून रणजीच्या उंबरठ्यावरून परतणाऱ्या शेकडो मुलांच्या वाट्याला काहीच येत नाही.

वऱ्हाडच्या वाचकाला लिलाव ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. बाजार समितीच्या आवारात तो लहानपणापासून लिलाव पाहत आला आहे. जेद्दातील लिलावात विकला जाणारा एक आणि बोली लावणारे दहा होते. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या आवारात माल विकणारे हजारो आणि घेणारे मोजके असतात. तेथे खरेदीदारांत स्पर्धा लागते, येथे विकणाऱ्यांत लागते. म्हणून एकाचा भाव ५५ पट होतो आणि दुसऱ्याचा हमीभावाखाली घसरतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला; परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरील ११ टक्के आयातशुल्क केंद्र सरकारने उठवले आणि ही सूट पुढे ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे ऐन हंगामात, चालू ठेवली. भाव हा कर्तृत्वाचा दाखला असतो असे मानणाऱ्याला मग असेही म्हणावे लागेल की त्या वर्षी वऱ्हाडच्या शेतकऱ्याने वाईट शेती केली. तसे कोणी म्हणणार नाही. मग खेळाडूच्या बाबतीत तोच तर्क का चालावा?

गुणवत्ता कोठे तयार होते?

'लायक आहे की नाही' या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे. लायकी ही माणसात जन्मतः असते किंवा नसते, असे ते गृहीतक. विदर्भाच्या क्रिकेटचा इतिहास या गृहीतकाला उघड छेद देतो.

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळत आला. त्यानंतरची साठ वर्षे तो अंतिम सामन्यापर्यंतही पोहोचला नाही. या काळात मुंबईच्या मैदानांवर विदर्भाचे नाव निघाले की ओठांवर हसू येत असे. 'हे लोक पुरेसे चांगले आहेत का?' हा प्रश्न तेव्हा एका खेळाडूला नव्हे, साऱ्या प्रदेशाला विचारला जात होता आणि उत्तर गृहीत धरलेले होते. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूर येथे दिल्लीला हरवून विदर्भाने पहिले विजेतेपद मिळवले. त्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली आणि अकोल्याच्या आदित्य ठाकरेने त्याच सामन्यात प्रथमश्रेणी पदार्पण केले. पुढच्याच वर्षी करंडक पुन्हा राखला गेला. २०२४-२५ मध्ये तिसरे विजेतेपद आले. त्या हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातील बळींचा विक्रम केला. ऑक्टोबर २०२५ च्या इराणी करंडकाच्या सामन्यात अकोल्याच्या अथर्व तायडेने १४३ धावा करून विजयात मोठा वाटा उचलला.

साठ वर्षे जन्मतः नालायक असलेला प्रदेश अचानक लायक कसा झाला? २००८ मध्ये जामठ्याचे नवे मैदान उभे राहिले. वयोगटांच्या संघांकडे लक्ष दिले गेले. चंद्रकांत पंडित यांच्यासारखा कडक शिस्तीचा प्रशिक्षक आणला गेला, अनुभवी व्यावसायिक खेळाडू बोलावले गेले आणि ही गुंतवणूक फळण्यासाठी काही वर्षे थांबण्याचा धीर दाखवला गेला. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? आडात पाणी यावे म्हणून आधी झरे मोकळे करावे लागतात. ज्यांनी हे केले त्यांना श्रेय द्यावे लागेल. पण त्याचबरोबर हेही विचारावे लागेल की हे झरे नागपूरच्या बाहेर किती पोहोचले. अकोला क्रिकेट क्लबने गेल्या काही वर्षांत जे खेळाडू घडवले ते पाहता जिल्ह्याच्या ठिकाणी एक बरे मैदान आणि काही निष्ठावान प्रशिक्षक असले की काय होऊ शकते, हे सिद्धच झाले आहे. मग दर्यापूर, अचलपूर, मूर्तिजापूर, अकोट येथील मुलाने काय करावे?

उमेश यादवचे उदाहरण नेहमी अभिमानाने सांगितले जाते. खाणकामगाराचा मुलगा, सैन्यात आणि पोलिसात भरती होण्याचा प्रयत्न करून पाहिला, चामड्याच्या चेंडूशी गाठ पडली ती विशीच्या सुमारास, आणि तरीही विदर्भाकडून खेळत कसोटी संघात पोहोचलेला पहिला खेळाडू ठरून त्याने ५७ कसोटींत १७० बळी घेतले. ही कथा स्फूर्तिदायक आहे यात शंका नाही. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी या कथेकडे दुसऱ्या बाजूनेही पाहील. विशीपर्यंत ज्याच्या हाती खरा चेंडू पडला नाही असा एक मुलगा कसोटीपर्यंत गेला. मग ज्यांच्या हाती तो पंचविशीपर्यंत पडलाच नाही असे किती असतील? अपवाद दाखवून नियम झाकण्याची ही युक्ती जुनी आहे.

आणि ज्यांच्याविषयी वादच होत नाही त्यांचे काय? अमरावतीचीच भारती फुलमाळी २०१९ मध्ये इंग्लंडविरुद्ध भारताकडून खेळली. मार्च २०२५ मध्ये महिलांच्या प्रीमियर लीगमध्ये मुंबईविरुद्ध तिने २५ चेंडूंत ६१ धावा केल्या. धावांचा हा वेग जितेशच्या लखनौच्या खेळीच्या फार मागे नाही. पण ती भारतीय संघाला पुरेशी चांगली आहे की नाही, यावर शहरातला किती कट्टा रंगला? आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मानधन मंडळाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांना समान केले, परंतु देशांतर्गत सामन्यांत स्त्रियांना दिवसाला २०,००० रुपयेच मिळत राहिले. ते ५०,००० करण्यासाठी डिसेंबर २०२५ उजाडावा लागला, तेही नोव्हेंबरमध्ये त्यांनी विश्वचषक जिंकून आणल्यावर. टीकेलाही पात्र न समजणे हा उपेक्षेचा सर्वांत खालचा थर आहे. जितेशला शिव्या देणारा चाहता निदान त्याची दखल तरी घेतो.

हिशेब कोणाचा?

या साऱ्याचा मथितार्थ असा की, क्रिकेटच्या एवढ्या मोठ्या व्यवहारात ज्याचा हिशेब पै न् पै ठेवला जातो असा घटक एकच आहे, तो म्हणजे खेळाडू. त्याच्या धावा, त्याचे सोडलेले झेल, त्याचा वेग, त्याचे अपयश, सारे दशांशचिन्हापर्यंत मोजले जाते आणि कोट्यवधी लोकांपुढे मांडले जाते. दोहाच्या पराभवानंतर जितेशने जबाबदारी जाहीरपणे स्वतःवर घेतली. ते योग्यच झाले. व्यवस्थेचे विश्लेषण म्हणजे व्यक्तीला माफी, असा अर्थ कोणी काढू नये. चेंडू शेवटी फलंदाजालाच खेळायचा असतो आणि चुकीचा फटका चुकीचाच असतो. प्रश्न एवढाच की अशी जबाबदारी घेणारा दुसरा कोण आहे?

२०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलच्या प्रक्षेपणाचे हक्क जून २०२२ मध्ये ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. तेव्हा धरलेल्या ४१० सामन्यांनी भागले तर एका सामन्याचे ११८ कोटी होतात. म्हणजे लांब धाग्याच्या सुमारे १ लाख ४५ हजार क्विंटल कापसाचा हमीभाव. हा पैसा चाहत्याच्या डोळ्यांतून येतो. तो पाहतो म्हणून जाहिरातदार देतो, आणि जाहिरातदार देतो त्याची वसुली पुन्हा साबणाच्या वडीपासून मोटारसायकलच्या टायरपर्यंत त्याच्याच खिशातून होते. एवढे देणाऱ्याला या व्यवहारात कोणता अधिकार आहे? सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये लोढा समितीच्या शिफारशी स्वीकारल्या, तेव्हा पारदर्शकतेची आशा निर्माण झाली. त्यातील 'एक राज्य, एक मत' हे सूत्र मात्र विदर्भाच्या मुळावर येणारे होते. ९ ऑगस्ट २०१८ च्या निकालाने विदर्भाचे मत परत मिळाले, हे इष्टच झाले. पण हे मत विदर्भ क्रिकेट संघटनेचे आहे, विदर्भाच्या जनतेचे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा केला. त्यातही माहितीचा अधिकार सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांपुरताच ठेवला गेला. भारताच्या नावाने खेळणाऱ्या आणि सरकारकडे हात पसरण्याची गरज नसलेल्या श्रीमंत क्रिकेट मंडळाची वह्याखाती अशा रीतीने झाकलेलीच राहिली.

चाहत्याच्या ज्ञानाचाही बाजार झाला, तो वेगळाच. 'तुला एवढे कळते, तर संघ निवड आणि पैसे लाव,' असे सांगणारे काल्पनिक संघांचे खेळ भ्रमणध्वनीवर आले आणि त्यांतील एक कंपनी भारतीय संघाच्या छातीवर झळकू लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैशांचे असे खेळ बंद करावे लागले. त्या वेळी सरकारनेच दिलेल्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक २०,००० कोटी रुपये गमावत होते. खेळाडूच्या लायकीवरील निरागस वाद, जुगाराच्या कंपनीचा कच्चा माल बनला होता. आणि या सर्वांवर ताण म्हणजे ४ जून २०२५. ज्या विजयात अमरावतीच्या मुलाचा वाटा होता, तो साजरा करण्यासाठी बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ माणसे मेली. झेल सुटला तर तो शंभर वेळा पडद्यावर दाखवला जातो, त्याची चिरफाड होते. अकरा मृत्यूंच्या बाबतीत नियोजन कोणाचे, परवानगी कोणाची, घाई कोणाची, यावर कट्ट्यांवर तेवढ्याच बारकाईने चर्चा झाली असती तर या देशातील गर्दीच्या प्रत्येक सोहळ्याचे नियोजन अधिक सावधपणे करावे लागले असते.

कार्यकर्त्याचे काम

तेव्हा कार्यकर्त्याने या वादापासून नाक मुरडून दूर राहू नये. 'खेळ ही अफू आहे' असे सांगून तरुण उठून येत नाहीत. ते सांगणाऱ्यालाच टाळू लागतात. त्याने कट्ट्यावर बसावे, वादात भाग घ्यावा, जितेशच्या बाजूने किंवा विरुद्ध मनमोकळे बोलावे आणि मग शांतपणे दुसरा प्रश्न मांडावा. तालुक्याच्या गावी खेळाचे मैदान किती उरले आहे आणि किती शाळांच्या मैदानांवर दुकानांचे गाळे उभे राहिले आहेत? जिल्ह्याच्या निवड चाचणीची सूचना खेड्यातील मुलापर्यंत पोहोचते का? एका मुलाला बॅट, पॅड, बूट आणि नागपूरचा प्रवास यांसाठी वर्षाला किती खर्च येतो आणि कोरडवाहू पाच एकरांच्या मालकाला तो झेपतो का? मुलींसाठी सरावाची वेळ आणि मैदान कोठे राखले आहे? नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात क्रीडेसाठी किती तरतूद होते आणि प्रत्यक्षात किती खर्च होते?

या प्रश्नांना आकड्यांनी उत्तरे देता येतात. आणि आकड्यांनी वाद घालण्याची सवय या तरुणांना आधीच लागलेली आहे. ती कोणी शिकवण्याची गरज नाही. जो मुलगा एका खेळाडूच्या दहा सामन्यांतील धावा तोंडपाठ सांगतो, तो बाजार समितीची आवक, सहकारी बँकेची थकबाकी आणि नगरपालिकेचा खर्चही तितक्याच सहज तोंडपाठ करू शकतो. तो करत नाही, कारण ते आकडे त्याच्यापुढे रोज संध्याकाळी कोणी झगमगत्या पडद्यावर मांडत नाही. खेळाडूचा हिशेब उघडा ठेवण्यात कोणाचेच नुकसान नसते. उलट त्यावर धंदा चालतो. इतर हिशेब उघडे झाले तर अनेकांची अडचण होईल.

जितेश शर्मा भारताच्या संघात परत येईल किंवा येणार नाही. तो वयाची बत्तिशी ओलांडलेला खेळाडू आहे आणि निवड समित्या वयाचाही हिशेब ठेवतात. त्याच्या लायकीचा निकाल मैदान देईल. परंतु अमरावती-अकोल्याच्या पुढच्या मुलाला ती लायकी सिद्ध करण्याची संधी मिळेल की नाही, याचा निकाल मैदानावर लागणार नाही. मैदान आहे की नाही, यावर लागणार आहे. त्यासाठी जे उत्तरदायी आहेत त्यांच्या कामगिरीचे आकडे चव्हाट्यावर आणणे, हे चाहत्यांचेही काम आहे आणि कार्यकर्त्यांचेही.